जुना ७२ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर: वापरण्याआधी काय तपासायचं

आमच्या ओहायोतल्या मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानावर उन्हाळ्यात कुणीतरी विमान जमिनीवरून चालवायचा, लांब अँटेनाचा जुना फुटाबा नाहीतर एअरट्रॉनिक्स कंपनीचा ट्रान्समीटर घेऊन येतं. लगेच शेजारून आवाज येतो, "हे आता बेकायदेशीर आहे." सरसकट तसं नाही. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा मॉडेल विमानांसाठी आजही खुला आहे आणि त्याला वैयक्तिक परवाना लागत नाही. सेटचं वय किती, हा प्रश्नच नाही. तो नेमक्या कुठल्या फ्रीक्वेन्सीवर चालतो आणि त्या जागी किती स्थिर राहतो, एवढंच एफसीसीचे (अमेरिकेतल्या रेडिओ लहरींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम बघतात. चांगला सेट केवळ ऐकीव गोष्टीवरून कचऱ्यात जाताना पाहिला की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सेट चालू करू नका. आधी मागचं लेबल वाचा. मॉड्यूल किंवा क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी ठरवणारा भाग) बाहेर निघत असेल तर त्यावरचा आकडाही बघा. आजचे विमानांचे चॅनेल ११ ते ६०, म्हणजे ७२.०१० ते ७२.९९० मेगाहर्ट्झ. एकूण ५० चॅनेल, प्रत्येकात २० किलोहर्ट्झचं अंतर. यातून एक सोपी खूण मिळते: दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक विषम हवा. ७२.६३० म्हणजे चॅनेल ४२, चालेल. ७२.०८०, ७२.१६०, ७२.२४०, ७२.३२०, ७२.४०० किंवा ७२.९६० दिसलं, तर तो आधीच्या व्यवस्थेतला सेट आहे. त्या काळी अँटेनाला दुरंगी फीत बांधत, ७२.०८० ला तपकिरी-पांढरी. हिरव्या-पांढऱ्या फितीचा ७५.६४० ही त्यातलाच. या फ्रीक्वेन्सी आता नियमांच्या यादीत नाहीत. असा सेट कपाटात जपून ठेवा, हवेत सिग्नल सोडू नका.

आकडा बरोबर निघाला तरी काम संपत नाही. एफसीसीने नवे चॅनेल १९८२ मध्ये मंजूर केले, पण दोन चॅनेलच्या मधोमध, १० किलोहर्ट्झवर, इतर व्यावसायिक वापरकर्ते असतात. पूर्वी सेटची फ्रीक्वेन्सी ०.००५ टक्के इकडेतिकडे सरकली तरी चालायचं. ७२ मेगाहर्ट्झवर ही चूक ३.६ किलोहर्ट्झ होते. सिग्नलला ८ किलोहर्ट्झ रुंदीची मुभा आहे, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ४. बेरीज केली तर सिग्नलची कड पार शेजाऱ्याच्या दारात जाते. म्हणून मर्यादा ०.००२ टक्क्यांवर आणली. मार्च १९९३ आधी बाजारात आलेल्या सेटना जुनी सवलत १ मार्च १९९८ पर्यंतच होती. त्यामुळे १९९१ च्या 'नॅरोबँड' (सिग्नल अरुंद जागेत ठेवणाऱ्या) सेटवर लावलेलं एएमएचं, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल विमान संघटनेचं, सोनेरी स्टिकर शोधा. जुना सेट नंतर सुधारून घेतला असेल तरीही ते असतं. स्टिकर नसेल तर जाणकार तंत्रज्ञाकडून मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका. एएम की एफएम यावर कायदेशीरपणा ठरत नाही.

क्रिस्टलबाबत काटेकोर राहा. रिसीव्हरचं (विमानातल्या, सिग्नल घेणाऱ्या भागाचं) क्रिस्टल तुम्ही स्वतः बदलू शकता, ट्रान्समीटरचं नाही. त्याची आतली दुरुस्ती जाणकारानेच करायची. मात्र त्याच सेटसोबत प्रमाणित झालेलं मॉड्यूल काढून दुसरं लावायला हरकत नाही.

बाकी पट्टे थोडक्यात. ७५ मेगाहर्ट्झ गाड्या आणि बोटींसाठी, त्यावर विमान उडवायचं नाही. उलट ७२ वर गाडी चालवायची नाही. २७ मेगाहर्ट्झ दोन्हींना चालतो. ५० मेगाहर्ट्झचा सेट मिळाला तर हॅम (हौशी रेडिओचा) परवाना हवा आणि ट्रान्समीटरवर कॉल साइन (त्या परवान्याचं ओळखचिन्ह), नाव, पत्ता चिकटवलेला हवा.

आता मैदानावर. २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या सेटवर शिकलेल्या मुलांना हे माहीतच नसतं, म्हणून ठासून सांगतो: ७२ वर एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस. फ्रीक्वेन्सी बोर्डवरची (कोणता चॅनेल कुणाकडे आहे हे दाखवणाऱ्या मैदानावरच्या फळ्यावरची) आपल्या चॅनेलची पिन हातात आल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. तुमच्या एका क्लिकने दुसऱ्याचं विमान माणसांवर कोसळू शकतं. रिसीव्हरही नॅरोबँडच घ्या, आणि अँटेना मिटवून रेंज तपासल्याशिवाय उडवू नका.

ट्रान्समीटर कायदेशीर असला म्हणजे उड्डाणही कायदेशीर झालं असं नाही, कारण ते एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं, खातं. २५० ग्रॅमवरच्या विमानाला नोंदणी लागते, आणि मान्यताप्राप्त मैदानाबाहेर उडवायचं तर रिमोट आयडीही (विमानाची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणारी सोय). ही अट विमानाला आहे, जुन्या ट्रान्समीटरला नाही.

आणि इकडून सुट्टीत पुण्या-नाशिकला भाच्यासाठी सेट नेणाऱ्यांना विनंती. एफसीसीची मुभा भारतात लागू होत नाही. तिथे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचे नियम चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना तिथे २००५ पासून परवान्यातून सूट आहे. भाच्याला भारतातच विकत मिळणारा, मंजुरी असलेला २.४ चा सेट घेऊन द्या आणि ७२ चा इथल्या क्लबमधल्या कुणाला तरी द्या.