काल्पनिक प्राणी काढताना शरीररचनेच्या या चुका टाळा

गोव्यातल्या शिगम्याचे चित्ररथ असोत की दिवाळीत नरकासुराचे पुतळे करायची रात्र, वाड्यावरच्या मुलांची एक तक्रार ठरलेली: "डोळे जमले, दात जमले, पण राक्षस खरा वाटत नाही." टॅब्लेटवर ड्रॅगन काढणारेही हेच म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असतं. खऱ्या जनावराचे खवले, पिसं, केस बघून बघून काढलेले असतात, पण सांध्यांकडे कुणी पाहिलेलंच नसतं. खवले शेवटी काढले तरी चालतं. अंग कुठे वाकतं आणि वजन कशावर पडतं, हे आधी ठरवा.

पंख पाठीवर चिकटवल्यासारखे दिसतात

ही चूक सर्रास होते. पंख म्हणजे हातच. त्यात खांदा, कोपर, मनगट, बोटं सगळं आलं. बाजारातून कोंबडीचा अख्खा पंख आणा, टोक तोडू नका म्हणून सांगा, आणि रश्शात टाकण्याआधी थोडा वेळ ताटलीत उघडमीट करून बघा. कोपर सरळ केलं की मनगटही सोबत उलगडतं, कारण पुढच्या हातातली दोन समांतर हाडं एकमेकांलगत सरकतात. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीची एक घडी ताणली जाते, त्यामुळे पुढच्या कडेला कोपराचा खळगा झाकला जातो. चित्रात मात्र तिथे हमखास माणसाच्या हातासारखा कोन काढलेला असतो.

ड्रॅगनला पिसांऐवजी पडदा हवा असेल तर संदर्भ वटवाघळाचा घ्या. त्याचा पडदा चार लांबलचक बोटांवर ताणलेला असतो, अंगठा तेवढा सुटा आणि नखवाला. बोटं मनगटापासूनच फुटायला हवीत. छत्रीच्या काड्यांसारखी ती मधूनच कुठून तरी निघाली की पंख मिटणार कसा, याचं उत्तर राहत नाही. पडद्याची मागची कड पार मागच्या पायापर्यंत जाते, हेही बरेच जण विसरतात.

आता गरुड. दोन हात, दोन पाय आणि वर पंख. कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला हात, पाय, पंख मिळून सहा नसतात, त्यामुळे इथे लबाडी करावीच लागते. पण ती एकदाच करा. पंख खाली ओढणारे स्नायू पक्ष्याच्या छातीवर असतात, पाठीवर नाहीत. म्हणून हातांच्या खांद्यांखाली पंखांसाठी खांद्यांची दुसरी जोडी कल्पा, धड थोडं लांबवा आणि काखेखालून छातीकडे येणारा स्नायू दाखवा.

मागचा पाय उलटा वाकतो

कुत्र्याच्या मागच्या पायात जो "उलटा गुडघा" दिसतो ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रा बोटांवर चालतो, तर गवा थेट नखांवर, म्हणजे खुरांवर. बोंडलाच्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर गव्याच्या पांढऱ्या मोज्यांवर थांबू नका, खांद्यावरचा उंचवटाही बघा. तो नुसता चरबीचा गोळा नाही. खाली मणक्यांची उंच हाडं असतात. राक्षसाला वशिंड द्यायचं तर ते त्या जागीच द्या.

मोठा प्राणी पोकळ वाटतो

मांजराचं चित्र मोठं केलं म्हणून वाघासारखं भारदस्त होत नाही. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे मांडलं. आकार वाढवाल तसे पाय त्याहून जास्त जाड करा.

जबडा बाहुलीसारखा उघडतो

मगरीच्या जबड्याची बिजागरी डोळ्याच्या बरीच मागे असते. चित्रात ती डोळ्याखाली येते आणि तोंड लहान पडतं. मगर वरचा जबडा उचलते असं वाटतं, प्रत्यक्षात ती सगळं डोकं उचलते. कुंभारजुव्याच्या कालव्यात काठावर तोंड वासून पडलेली मगर दिसली तर फोटो बाजूने घ्या.

शेपटी

बांगड्याची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते. सिंकेरीच्या समुद्रातला डॉल्फिन बघा, त्याची शेपटी आडवी आणि वर-खाली हलणारी. जलपरीचं वरचं अंग माणसाचं, म्हणून तिला डॉल्फिनची शेपटी जास्त शोभते असं माझं मत. पुराणातला जलचर मकर मात्र मगरीच्या वळणाचा असेल तर शेपटी उभीच ठेवा.

नागाचा फणा मानेच्या लांब बरगड्यांनी पसरतो, त्यामुळे तो डोक्यामागून सुरू होतो. देवादिकांच्या प्रभावळीसारखा डोक्याभोवती नको. पोटाखाली आडव्या रुंद खवल्यांची एकच ओळ असते.

संदर्भच चुकीचा

मोबाइल जनावराच्या तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान बारीक होतात. लांबून काढा, मग कातरा. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं संदर्भाला नकोतच. त्यांत टाच आणि गुडघा एकमेकांत मिसळलेले सापडतात. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त सांध्यांचे ठिपके मारा. जो ठिपका कुठे द्यायचा ते कळत नाही, त्या सांध्यासाठी दुसऱ्या बाजूचा फोटो शोधा आणि मगच राक्षसाला हात लावा.