दोन केबीत बसवलेलं कुळागर

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला काय घ्यावं हा प्रश्न मला पडलाच नाही. घरी गोव्यात, सावईवेऱ्याला कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे. मे महिन्यात पाणी आटलं की पंप कोरडाच घुरघुरत राहतो, म्हणून बाबा रात्री बॅटरी घेऊन उठायचे. पाण्याची पातळी बघून पंप बंद करणारी पेटी करायची ठरली. चिप म्हणजे ८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर एटी८९एस५२, वर १६ बाय २ चा एलसीडी, आणि प्रोग्राम लिहायला कील कंपनीच्या सी५१ कंपायलरची (आपला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाची) फुकट आवृत्ती, कारण लॅबमध्ये तीच होती.

सबमिशनला आठ दिवस असताना मी त्यात डीएस१३०७ घड्याळ जोडलं. बिल्ड दाबलं तर लिंकरची (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या भागाची) एल२५० ही एरर: मर्यादित आवृत्तीतली कोडची मर्यादा संपली, ०८००एच बाइट. मला वाटलं चिप भरली. पण तिच्यात तर ८ केबी फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची जागा! हेक्समधले (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतले) ०८०० म्हणजे आपले २०४८. चिप तीन चतुर्थांश रिकामी होती, भरला होता तो फुकट आवृत्तीचा कोटा. ही अट आधीच सांगितलेली असते. मीच वाचली नव्हती.

पहिल्या रात्री मी काय केलं? कॉमेंट पुसल्या. हसू नका, दर वर्षी कोणीतरी हे करतंच. कॉमेंटचा एकही बाइट चिपमध्ये जात नाही. दुसरी फसगत हेक्स फाईलची, म्हणजे चिपमध्ये भरायला तयार होणाऱ्या फाईलची. तिचा आकार साडेपाच केबी दिसतो आणि पोटात गोळा येतो, पण त्या फाईलमध्ये प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिलेला असतो, शिवाय प्रत्येक ओळीला पत्ता आणि चेकसम (चूक पकडायचा आकडा). म्हणजे फाईल खऱ्या कोडच्या जवळजवळ पावणेतीनपट. खरा आकडा बिल्डनंतर खाली येतो, ‘प्रोग्राम साइझ’च्या ओळीत ‘कोड’पुढे. तो रोज वहीत लिहून ठेवा. मी लिहिला असता तर आठ दिवस आधी बोंब मारावी लागली नसती.

मग सरांनी मॅप फाईल उघडायला लावली. कुठल्या फंक्शनने किती जागा घेतली, ते तिथे सगळं असतं. एलसीडीवर दोन आकडे दाखवण्यासाठी मी प्रिंटएफ हे तयार फंक्शन वापरलं होतं, आणि ते एकटंच हजारभर बाइट गिळून बसलं होतं. दहाने भागून बाकी काढणारं चार ओळींचं फंक्शन लिहिलं आणि अर्धं ओझं उतरलं. पातळीचा तक्ता साध्या अ‍ॅरेत होता, त्यामुळे तो रॅममध्येही जागा अडवत होता. त्याच्या आधी ‘कोड’ हा शब्द लावल्यावर तो थेट फ्लॅशमधून वाचला जाऊ लागला. शेवटी १९७४ बाइट. पेटी चालली, बाबा झोपू लागले.

पुढे बाबांना पंप बंद झाल्याचा एसएमएस हवा झाला. ते दोन केबीत बसणं शक्यच नव्हतं. चवथीच्या सुट्टीत, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाल्यावर, सगळा प्रोग्राम एसडीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर नेला. हा कंपायलर मुक्त आहे, मर्यादा फक्त चिपची. मात्र चिपच्या पायाला नाव देणारी कीलची ‘एसबिट’ची ओळ तिथे तशीच चालत नाही, इंटरप्ट (मध्येच येणारं तातडीचं काम) लिहायची पद्धत वेगळी, आणि निघणारी आयएचएक्स फाईल पॅकआयएचएक्स या छोट्या प्रोग्रामने हेक्स करून घ्यावी लागते. माझा तोच कोड तिथे थोडा फुगला. पण जागा होती, त्यामुळे फिकीर नव्हती.

आता मी वेर्ण्याला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. नवीन मुलं येतात तेव्हा त्यांना आधी एकच विचारतो: तुझ्या साधनाची अट काय? कारण अटी सारख्या नसतात. एव्हीआर चिपसाठीच्या बास्कॉम-एव्हीआर कंपायलरच्या डेमोला ४ केबी, कीलच्या एआरएम चिपसाठीच्या लाइट आवृत्तीला ३२ केबी. मायक्रोचिप कंपनीच्या एक्ससी८ कंपायलरला आकाराची मर्यादाच नाही, पण फुकट परवान्यात ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करणं) कमी मिळतं, म्हणजे कोड मोठा होतो आणि चिप आधी भरते. काही फुकट आवृत्त्यांना आकाराची अट नसते पण व्यावसायिक वापराची बंदी असते. कॉलेजात हे कोणी विचारत नाही, कारखान्यात पहिल्याच मीटिंगला विचारतात. पेनड्राइव्हवरून फिरणारं ‘फुल व्हर्जन’ घेऊ नका. आमच्या बॅचमधल्या एकाचा लॅपटॉप त्यापायी फॉरमॅट करावा लागला, रिपोर्टसकट.

शिकायला दोन केबी पुरतात, उलट बरे. विकायची किंवा वाढत जाणारी वस्तू असेल तर पहिल्या दिवसापासून एसडीसीसी किंवा जीसीसी हा दुसरा मुक्त कंपायलर, तुमच्या चिपला चालेल तो, घ्या. मध्येच बदलायचं म्हटलं की चवथीची सुट्टी जाते.