छपराचे जुने लाकडी पूल आगीपासून जपताना या चुका टाळा

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मॅडिसन काउंटीमध्ये, सीडर नावाचा छपराचा लाकडी पूल १८८३ साली बांधला गेला. सप्टेंबर २००२ मध्ये तो कोणीतरी मुद्दाम पेटवून दिला. मूळ आराखडे हाताशी होते, म्हणून तेच साहित्य आणि सुतारकामाची तीच जुनी पद्धत वापरून २००४ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला. एप्रिल २०१७ मध्ये तोही जाळला गेला आणि २०१९ मध्ये त्याच जागी तिसरा पूल आला. एकाच जागेवरचा पूल पंधरा वर्षांत दोनदा जळतो, तेव्हा केवळ दैवाला दोष देऊन भागत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये १९९३ या एकाच वर्षी स्लेट, स्मिथ आणि कॉर्बिन हे तीन पूल जाळपोळीत गेले, तर इंडियानाच्या पार्क काउंटीत २००२ मध्ये जेफ्रीज फोर्ड आणि २००५ मध्ये १८६८ सालचा ब्रिजटन पूल गेला. असे पूल सांभाळणाऱ्या गावसमित्या, हौशी मंडळे आणि ते पाहायला जाणारे पर्यटक यांच्याकडून त्याच त्या चुका होत राहतात, म्हणून त्यांचा येथे विचार केला आहे.

शत्रू फक्त पाणी आहे असे मानणे

या पुलांवर छप्पर घातले गेले ते प्रवाशांना सावली मिळावी म्हणून नव्हे. पुलाचा सगळा भार पेलणारी लाकडी कैची उघड्यावर राहिली तर दहा-वीस वर्षांत कुजते. छप्पर आणि बाजूच्या फळ्या असल्या की ती शतकभर सहज टिकते. मात्र कैचीला कोरडे ठेवणारी हीच रचना आगीच्या वेळी उलटते. शंभर-दीडशे वर्षे वाळलेले लाकूड, दोन्ही तोंडांनी आत येणारा वारा आणि वर उष्णता कोंडून धरणारे छप्पर यांमुळे पेटलेला पूल आडव्या धुराड्यासारखा वागतो.

यात कैचीच्या प्रकारानुसारही फरक पडतो. इथिएल टाऊन याने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या जाळीच्या कैचीत साधारण तीन इंच जाडीच्या फळ्या तिरक्या एकमेकींवर ठेवून लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या असतात. लाकूड जळताना तासाला सुमारे दीड इंच खोलवर कोळसा होत जातो; फळीला दोन्ही बाजूंनी आग लागली की तासाभरात तिच्यात भार पेलण्याजोगे काहीच उरत नाही. थिओडोर बर याच्या कमानीच्या कैचीतील जाड तुळया त्यामानाने अधिक काळ तग धरतात. आपला पूल कोणत्या प्रकारचा आहे हेच ठाऊक नसलेली समिती अग्निशमन दलाला नेमके काय सांगणार? गावातले दल बहुधा स्वयंसेवकांचे असते आणि पूल वस्तीपासून दूर असतो, त्यामुळे हाताशी असलेला वेळ आधीच मोजून ठेवावा लागतो.

वाहतूक बंद केली म्हणजे काम झाले असे समजणे

शेजारी काँक्रीटचा नवा पूल बांधून जुना पूल वाहनांसाठी बंद केला की त्याचे आयुष्य वाढते, हे खरे. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर हटली की त्या अंधाऱ्या, आडोशाच्या जागेचा रात्री वेगळाच उपयोग सुरू होतो. बिअरचे डबे, मेणबत्त्यांचे थेंब, फळीवरचा काजळीचा एखादा गोल डाग या खुणा झाडूने साफ करून विसरून जाण्याच्या नसतात. त्यांची तारखेसह नोंद ठेवावी, छायाचित्र काढावे आणि पोलिसांना कळवावे. पुलाच्या तळाशी पुराने अडकलेला ओंडक्यांचा ढीग, पाखरांची घरटी आणि कोपऱ्यांत साठलेला पाचोळा मात्र नियमाने काढायलाच हवा, कारण खोडसाळ माणसाला सरपण आणावे लागू नये, एवढी दक्षता तर आपल्या हातात आहे.

आग दर वेळी कोणी लावलेलीच असते असेही नाही. व्हरमाँटमधील ट्रॉय गावचा १९१० सालचा रिव्हर रोड पूल फेब्रुवारी २०२१ मध्ये एका स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावरून चालणाऱ्या मोटारगाडीने, पेट घेतल्यामुळे जळून गेला. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नचा चौदाव्या शतकातील कापेलब्रुक पूल १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री जळाला, तेव्हा सिगारेटच्या थोटकाचा संशय व्यक्त झाला, पण कारण सिद्ध झाले नाही. छपराखालची सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रे मात्र मोठ्या संख्येने कायमची गेली. शरद ऋतूत पानांचे रंग पाहायला न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांत, जाणारी मराठी कुटुंबे या पुलांत हौसेने छायाचित्रे काढतात. त्यांनीही गाडीचे इंजिन चालू ठेवून आत थांबणे आणि सिगारेट पेटवणे टाळावे.

लिहिलेली नावे तशीच राहू देणे, किंवा घाईने खरवडून काढणे

ही चूक दोन्ही टोकांना होते. स्प्रे रंगाने लिहिलेले पहिले नाव आठवडाभर तसेच राहिले की त्याच्या शेजारी दुसरे येते, आणि या जागेकडे कोणाचे लक्ष नाही हा निरोप सगळ्या परिसराला मिळतो. म्हणून ते लवकर काढावे, पण वाळूच्या फवाऱ्याने किंवा दाबाच्या पाण्याने नव्हे. त्याने लाकडाचा मऊ भाग उडून जातो, जुन्या करवतीच्या खुणा आणि सुतारांनी सांध्यांवर कोरलेले क्रमांक पुसले जातात, आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागात ओल मुरते. आधी कोपऱ्यातल्या हातभर जागेवर सौम्य द्रावण वापरून पाहावे.

शिवाय सगळेच लेखन नासधूस नसते. एकोणिसाव्या शतकात या पुलांच्या आतल्या बाजूस औषधांच्या आणि सर्कशींच्या जाहिराती रंगवल्या वा चिकटवल्या जात. स्वच्छतेच्या उत्साहात त्या घालवणे ही माझ्या मते गुंडांच्या रंगापेक्षा मोठी हानी आहे, कारण ती करणारा स्वतःला पुलाचा रक्षक समजत असतो.

एकदा लेप दिला की निश्चिंत होणे

अग्निरोधक द्रावणाला अनेक ठिकाणी कवचकुंडलांसारखे मानले जाते. प्रत्यक्षात क्षारयुक्त द्रावणे पावसाच्या झडीत धुऊन जातात, हवेतली ओल ओढतात आणि लोखंडी बोल्टांना गंज चढवतात. काही प्रकारच्या प्रक्रियेमुळे छपराखालच्या उष्णतेत लाकडाची ताकद घटते, हा धडा अमेरिकेतील घरबांधणीने १९८० च्या दशकात महागात शिकला. आगीच्या उष्णतेने फुगून संरक्षक थर तयार करणारा रंग लाकडाचे रूप झाकून टाकतो. कोणताही लेप द्या, तो आग मंदावतो, थांबवत नाही. म्हणून तो कधी दिला आणि पुन्हा कधी द्यायचा याची वही असावी.

कॅमेऱ्याबाबतही अशीच गफलत होते. फक्त चित्रण साठवणारा कॅमेरा तपासाला उपयोगी पडतो, पूल वाचवायला नाही. छपराच्या वाशांखालून नेलेली, उष्णता जाणवताच अग्निशमन केंद्राला थेट इशारा देणारी तार अधिक कामाची. पाणी फवारणारे नळ बसवायचे असतील तर बर्फाच्या प्रदेशात ते एरवी कोरडे राहणारेच हवेत, कारण भरलेले नळ हिवाळ्यात गोठून फुटतात.

मोजमापे नंतर घेऊ असे म्हणणे

सीडर पूल पुन्हा बांधता आला तो मूळ आराखड्यांमुळे. प्रत्येक सांध्याचे मोजमाप, लाकडाची जात, खुंट्यांची जाडी यांची नोंद करून तिची एक प्रत पुलापासून दूर ठेवावी. विमा घसारा वजा करून उतरवलेला असेल, तर दीडशे वर्षांच्या पुलाचे मोल जवळजवळ शून्य ठरते. तो पुनर्बांधणीच्या खर्चावर असावा.

आग लागून गेल्यावर सर्वांत वाईट घाई होते ती ढिगारा उपसण्याची. तपास पूर्ण होण्याआधी क्रेन लावली तर पुरावा नदीत जातो. त्याशिवाय, बाहेरून काळ्या पडलेल्या जाड तुळईचा गाभा अनेकदा शाबूत असतो; अनुभवी सुताराने टोचून पाहिल्याशिवाय ती टाकून देऊ नये. लोखंडी बोल्ट आणि पट्ट्या वेचून क्रमांक घालून ठेवाव्यात, आणि उरलेल्या दगडी खांबांना उष्णतेने तडे गेले आहेत का हे त्यांच्यावर नवे लाकूड चढवण्यापूर्वी अभियंत्याकडून तपासून घ्यावे.