अंगात त्राण नसताना व्यायाम कसा जमवायचा?

दिवसभर खुर्चीत बसून येणारा थकवा आणि अंगमेहनतीचा थकवा वेगळा. बसून आलेला शीण थोडं चाललं की बऱ्याचदा हलका होतो, आडवं झालं की अंग आणखी जड होतं. म्हणून कामावरून आल्यावर आधी सोफ्यावर टेकू नका. बूट पायात असतानाच दहा मिनिटं चालून या. तेवढ्यानंतरही नकोसं वाटलं तर खुशाल घरी परता; सवय मोडत नाही, हे महत्त्वाचं.

अर्धा-पाऊण तास सलग मिळायलाच हवा, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, पण तो किमान १० मिनिटं सलग हवा ही जुनी अट २०२० च्या सूचनांत उरलेली नाही. फोनवर बोलताना भरभर येरझाऱ्या, लिफ्टऐवजी जिना, पाणी तापेपर्यंत भिंतीला हात टेकून दहा-बारा दंड, सगळं जमेस धरा. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की झालं.

पहाटे पाचचा गजर मात्र माझ्या मते बहुतेकांसाठी फसवा. आधीच झोप अपुरी, त्यात ती आणखी कापली तर उत्साह येणार कुठून?

पुरेशी झोप होऊनही आठवडेच्या आठवडे गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता रक्ततपासणीत कळते. जोरात घोरत असाल तर तेही सांगा.