सेकंडहँड पिकअपचं ॲव्हरेज: दोष इंजिनात नव्हताच
नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो न्यायला जुनी डिझेल पिकअप घेतली. ॲव्हरेज लिटरला जेमतेम ९ किमी. मेकॅनिक म्हणाला, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) उतरवू. खर्चिक काम, म्हणून आधी स्वस्तातलं बघितलं. एअर फिल्टर धुळीने बुजलेला. बदलला, फरक किरकोळ. मग सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न लावता चालवली, आपोआप थांबू दिली आणि चाकांजवळ हात नेला. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम तापलेला, बाकी गार! जॅकवर उचललं तर चाक हाताने फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, त्यामुळे ब्रेकचे लायनर ड्रमला सतत घासत होते. केबल बदलली, ड्रम साफ करून ब्रेक सेट केले. हवा गाडीवरच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरली (पंपावरचा पोऱ्या अंदाजानेच भरतो). टाकी फुल करून, चालवून, पुन्हा फुल करून ॲव्हरेज मोजलं: १२.५. इंजेक्टर आहेत तिथेच आहेत.