परदेशी मुलाखत आणि आपली रात्र : अडचणीची वेळ कशी हाताळावी

पुण्यात किंवा नागपुरात बसून सॅन फ्रान्सिस्कोतील कंपनीची मुलाखत द्यायची असेल, तर तिकडचा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हा कामाचा सगळा दिवस उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच या वेळात येतो, आणि हिवाळ्यात तो आणखी एक तास पुढे सरकतो. दोघांपैकी एकाला आपली सोय सोडावीच लागते, आणि नोकरी आपल्याला हवी असल्यामुळे ती आपणच सोडायची, असे बहुतेक उमेदवारांनी मनाशी धरलेले असते. मी अशा मुलाखती अनेक दिल्या आहेत आणि आता घेतेही. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की रात्री अडीचची वेळ मुकाट्याने स्वीकारणारा उमेदवार विनाकारण स्वतःचे नुकसान करतो, कारण ती वेळ सुचवणाऱ्याला त्या क्षणी आपल्या घड्याळात किती वाजलेले असतील याची बहुतेकदा कल्पनाच नसते.

वेळेबद्दल बोलण्याआधी ती नीट वाचता आली पाहिजे. ईमेलमध्ये लिहिलेल्या आद्याक्षरांवर विसंबू नये. ‘आयएसटी’ ही अक्षरे भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्राएल येथील वेळेसाठीही वापरली जातात. ‘सीएसटी’ म्हणजे शिकागोची वेळ असू शकते आणि चीनचीही. आणि अमेरिकेतील अनेक जण ऐन जुलैमध्येही सवयीने ‘ईएसटी’ (न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ) लिहितात, जेव्हा त्यांचे घड्याळ प्रत्यक्षात एक तास पुढे केलेले असते. म्हणून उत्तर देताना शहराचे नाव घालून विचारावे : ‘न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे सकाळचे दहा, म्हणजे भारतात त्याच दिवशी संध्याकाळचे साडेसात, हे बरोबर आहे ना?’ या एका वाक्याने बहुतेक घोळ टळतात.

घड्याळे पुढे-मागे करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे तिचा विसर पडणे अगदी साहजिक आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते; युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडते; सिडनी आणि मेलबर्न दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिस्बेन आणि अमेरिकेतील फिनिक्स या शहरांत मात्र घड्याळाला हात लावत नाहीत. भारतातील वेळ वर्षभर तीच राहते, म्हणून न्यूयॉर्कपासूनचे आपले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, तर लंडनपासूनचे अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच तास.

हा हिशेब मी किंमत मोजून शिकले. एका कंपनीची पहिली फेरी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला झाली होती. दुसरी फेरी ‘त्याच वेळेला’ ठरली, परंतु मधल्या रविवारी त्यांचे घड्याळ पुढे गेले होते. मी साडेआठला पाच मिनिटे असताना जोडणी सुरू केली, तेव्हा मुलाखतीची वेळ संपून जवळजवळ अर्धा तास झाला होता आणि पुन्हा वेळ मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये अशी चूक झाली तर आपण एक तास आधी जाऊन बसतो, एवढेच. मार्चमधली चूक मात्र भरून निघत नाही. २०२६ साली अमेरिकेचे घड्याळ ८ मार्चला बदलते आणि युरोपचे २९ मार्चला, त्यामुळे मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांवर येते. मुलाखत घेणारे दोघे या दोन शहरांत असतील, तर या काळात फार जपावे. उपाय सोपा आहे : ईमेलच्या मजकुरातली वेळ वहीत उतरवून न थांबता कॅलेंडरचे निमंत्रण मागून घ्यावे. निमंत्रण स्वीकारले की गूगल कॅलेंडर किंवा आउटलुक ती वेळ तारखेनुसार आपल्या घड्याळात बदलून दाखवते.

दुसरा घोळ आपल्या भाषेतून येतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि आपले बोलणेही त्याच वळणाचे आहे. ‘बुधवारी रात्री साडेबारा’ म्हणताना आपल्या मनात बुधवार मावळल्यानंतरची रात्र असते, पण इंग्रजी कॅलेंडरात तो गुरुवार लागलेला असतो. निमंत्रणात गुरुवार आणि ‘१२:३० एएम’ असे लिहिलेले पाहून गुरुवारी रात्री तयार होऊन बसणारा उमेदवार चोवीस तास उशिरा पोहोचतो. मध्यरात्रीनंतरच्या मुलाखतीसाठी घरात सांगताना आणि गजर लावताना दोन्ही वारांची नावे घ्यावीत : ‘बुधवारची रात्र, गुरुवार उजाडण्याआधी.’

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ बदलून मागणे. हा उद्धटपणा नाही, आणि ज्या कंपनीला तो उद्धटपणा वाटतो तिथे पुढची वर्षे कशी जातील याचा अंदाज तेवढ्यावरूनही येतो. मात्र मागण्याची रीत असते. निमंत्रण आल्यावर शक्यतो त्याच दिवशी लिहावे. आदल्या रात्री वेळ बदलून मागितली, तर तीन-चार माणसांची दिनदर्शिका विस्कटते आणि त्याचा राग रास्त असतो. पत्र मुलाखतकाराला न लिहिता वेळा जुळवणाऱ्या रिक्रूटरला लिहावे. ‘ही वेळ गैरसोयीची आहे’ असे मोघम न लिहिता त्यांच्याच घड्याळातले दोन पर्याय द्यावेत, म्हणजे समोरच्याला आकडेमोड करावी लागत नाही. मी लिहिते ते साधारण असे असते : ‘आपण सुचवलेल्या वेळी माझ्या शहरात पहाटेचे तीन वाजलेले असतील. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठ ते साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेपाच ते सात या दरम्यानचा कोणताही तास मला चालेल, आणि त्या वेळी मी अधिक चांगले बोलू शकेन.’ पूर्वी मी याखाली ‘शक्य नसल्यास ठरलेल्या वेळी हजर राहीन’ असे वाक्य जोडत असे. मुलाखती घेऊ लागल्यावर कळले की ते वाक्य वाचल्यावर पुढचा प्रयत्न सहसा कोणी करत नाही. ते पहिल्या पत्रात घालू नये. उत्तर नकारार्थी आले, तर दुसऱ्या पत्रात ते लिहायला मोकळीक असतेच.

कोणते तास मागावेत हे देशानुसार ठरते. कॅलिफोर्नियासाठी त्यांची अगदी सकाळ किंवा संध्याकाळ हेच दोन दरवाजे आहेत : उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपले रात्रीचे नऊ, आणि तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. न्यूयॉर्क त्या मानाने सोपे आहे, कारण तिकडची सकाळ आपल्या संध्याकाळीच उजाडते. लंडन आणि बर्लिनच्या बाबतीत अडचण रात्रीची नसून दिवसाची असते. त्यांचा बराचसा दिवस आपल्या दुपारी आणि संध्याकाळी येतो, जेव्हा आपण चालू नोकरीत असतो किंवा हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेले असतो. तिथे लंडनची दुपारी तीननंतरची वेळ मागावी, म्हणजे घरी पोहोचून मुलाखत देता येते. सिडनीची सकाळ आपल्या उत्तररात्री येते, म्हणून तिकडची दुपार मागितली की आपली सकाळ सुटसुटीत साधते.

नोकरी सांभाळून मुलाखती देणाऱ्यांनी शुक्रवार विसरू नये. कॅलिफोर्नियातील शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची सकाळ, आणि ज्यांना शनिवारी सुटी असते त्यांना रजा न टाकता ती मिळते. उलट आपल्या सोमवारची सकाळ सुचवण्यात अर्थ नाही, कारण तिकडे रविवार चालू असतो. एकाच दिवशी चार-पाच फेऱ्या सलग घेण्याची पद्धत असेल, तर त्या दोन दिवसांत विभागून मागाव्यात. रात्री साडेनऊला फेऱ्या सुरू झाल्या, तर पाचवी फेरी पहाटे दीड-दोनला येते, आणि तिथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हुशारीपेक्षा थकव्यावर जास्त अवलंबून राहते.

परदेशातून मायदेशी परतू पाहणाऱ्यांची अडचण याच्या उलटी असते. डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्याला पुण्यातील एचआर विभाग सकाळी अकराची वेळ देतो, तेव्हा तिथे उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. भारतीय कचेऱ्यांत संध्याकाळी साडेसहा-सातला माणसे जागेवर असतात, त्यामुळे ती वेळ मागण्यात संकोच करू नये. डेट्रॉइटमध्ये तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ असतात.

सर्व विनंत्या करूनही कधीकधी अवेळीच बसावे लागते. अशा वेळी शरीराची तयारी अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहे. पहाटे तीन ते पाच या काळात शरीराचे तापमान खाली गेलेले असते आणि लक्ष सर्वांत सहज ढळते, म्हणून रात्री जागून त्या वेळेपर्यंत पोहोचणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. पहाटे साडेपाचची मुलाखत असेल, तर आधीचे तीन-चार दिवस झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावी. रात्री अकरा-साडेअकराची असेल, तर दुपारी वीस मिनिटे डुलकी काढावी किंवा पूर्ण दीड तास झोपावे. रात्री दोन-तीनची वेळ असेल, तर संध्याकाळी हलके जेवून आठपासून साडेबारापर्यंत झोपून घ्यावे. उठल्यावर पहिला अर्धा तास डोके जड राहते, म्हणून मुलाखतीच्या किमान सव्वा तास आधी उठावे. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही शरीरात उरतो, त्यामुळे मुलाखतीनंतर झोपायचे असेल तर अर्ध्या कपावर थांबावे. पहाटे आवाज बसलेला असतो; गरम पाणी पिऊन पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, म्हणजे पहिल्याच वाक्याला घसा खाकरावा लागणार नाही.

रात्रीच्या मुलाखतीत मला उमेदवारांच्या बाबतीत सर्वांत जास्त जाणवते ती गोष्ट वेगळीच आहे. घरातली माणसे झोपलेली असतात, त्यांची झोप मोडू नये म्हणून उमेदवार दबक्या आवाजात बोलतो, आणि पलीकडे बसलेल्या माणसाला तो आत्मविश्वासाचा अभाव वाटतो. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील, तर हे होणारच. तो कुणाचा दोष नाही. पण उपाय आधी करता येतो : घरच्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवावे, शेवटच्या खोलीत बसून दाराच्या फटीला चादर लावावी, किंवा जवळच्या मित्राकडे अथवा नातेवाइकांकडे ती रात्र काढावी. मुलाखतीच्याच वेळेला आधी एकदा मैत्रिणीबरोबर सराव मुलाखत करून पाहिली की बाकीच्या गोष्टीही कळतात : पहाटे नळाला पाणी येण्याची आणि मोटार सुरू होण्याची वेळ, कुकरची शिट्टी, रात्री बाहेरच्या काळोखामुळे संगणकाच्या पडद्याच्या उजेडात निळसर दिसणारा चेहरा. चेहऱ्यासमोर एक साधा टेबललॅम्प ठेवला तरी फरक पडतो. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवण्याचा नियम आहे, परंतु गणेशोत्सवात आणि नवरात्रात काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते; त्या दिवसांत रात्रीची मुलाखत न स्वीकारलेली बरी. विजेसाठी राउटरला छोटा यूपीएस आणि हाताशी मोबाइलचा हॉटस्पॉट असावा.

मुलाखतीच्या शेवटी प्रश्न विचारण्याची संधी मिळते, तेव्हा रोजच्या कामात दोन्ही संघांचे किती तास एकत्र जाणे अपेक्षित आहे आणि घड्याळ बदलल्यावर ते कोण सांभाळते, हे स्पष्ट विचारावे. मुलाखतीची एक रात्र निभावता येते. आठवड्यातून चार रात्री अकरानंतरच्या बैठका असतील, तर पगाराचा आकडा त्या हिशेबाने तोलावा लागतो, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर नकार देण्याचेही धाडस ठेवावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी. आभाराचे पत्र झोप झाल्यावर लिहिले तरी ते त्यांच्या सकाळी वेळेवर पोहोचते. अपुऱ्या झोपेनंतर दुचाकी चालवत कचेरीला जाऊ नये; रिक्षा किंवा बस घ्यावी.