गरोदरपणाचा चौथा ते सहावा महिना: "आता बरं वाटतंय" म्हणून या चुका करू नका

उलट्या थांबल्या, फोडणीचा वास परत बरा वाटायला लागला, तोंडावर जरा तेज आलं की घरात सगळेच निवांत होतात. हे महिने त्यातल्या त्यात सुखाचे असतात हे खरंच आहे. पण आपल्या खान्देशात मी बघते ते हे की चेकअप नेमका इथेच सुटतो, "आता काही त्रास नाहीये ना, मग कशाला तालुक्याला चकरा, कपाशीचं काम पडलंय" असं म्हणत महिना निघून जातो, आणि याच दिवसांत अशा तपासण्या असतात की ज्यांची वेळ एकदा गेली की गेली.

सगळ्यात महाग पडणारी चूक सोनोग्राफीची. बाळात काही दोष आहे का ते बघणारी सोनोग्राफी, जिला अॅनॉमली स्कॅन म्हणतात, ती १८ ते २० आठवड्यांत करायची असते. मेंदू, मणका, हृदयाचे कप्पे, किडन्या, हातपाय, वार (प्लासेंटा) कुठे आहे, पाणी किती आहे, सगळं तेव्हा नीट बघता येतं. बऱ्याच घरांत म्हणतात सातव्यात एकदाच करू. पण समजा काही गंभीर निघालंच तर पुढच्या तपासण्यांना आणि विचार करायला वेळ लागतो, आणि गर्भपाताचा कायदा २०२१ साली बदलला तरी त्यात आठवड्यांची मर्यादा आहेच, २४ आठवड्यांनंतर बाळात मोठा दोष असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. म्हणून उशीर नको. आणखी एक घोळ मोजण्याचा होतो, घरची मोठी माणसं पाळी चुकली तिथून महिने धरतात आणि डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे धरतात, त्यामुळे घरचा "पाचवा लागला" म्हणजे डॉक्टरांचे २० आठवडे केव्हाच उलटलेले असू शकतात. ती तारीख लिहूनच ठेवा.

आणि सोनोग्राफीला गेल्यावर मुलगा की मुलगी विचारायचं नाही, सासूबाईंनाही विचारू द्यायचं नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

रिपोर्ट हातात आला की दुसरी चूक, तो घरी येऊन मोबाईलवर शोधत बसणं. "वार खाली आहे" वाचून बायका रात्र रात्र रडतात. अहो, पाचव्या महिन्यात खाली असलेली वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढेल तशी वर सरकते, ३२ आठवड्यांच्या आसपास परत बघतात, तोवर डॉक्टर सांगतील तेवढं जपायचं आणि रक्त दिसलं तर मात्र थेंबभर असलं तरी लगेच दवाखाना. "बाळ पायाळू आहे" याचंही तसंच, या महिन्यात बाळ दिवसातून कितीदा तरी फिरतं, आत्ताच सिझरची भीती घेऊ नका.

आता गोळ्या. सरकारी दवाखान्यात लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. आणि त्या कुठे असतात? आरशामागच्या फळीवर, पाकिटं न फोडता. "मळमळतं", "संडास काळी होते", "बाळ काळं होईल" ही कारणं. संडास काळी होणारच, ते नॉर्मल आहे, बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर झोपताना घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अजून चांगली लागू पडते. चहाबरोबर मात्र नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोघींमध्ये दोन तास तरी अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागतच नाही आणि मग हिमोग्लोबिन ११ च्या खालीच राहतं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्याच्या पट्ट्यात तर सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झालीये ना ते आधी बघा, तुमचीही आणि नवऱ्याचीही, कारण सिकलसेलचा आजार असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

साखरेची तपासणी "आमच्या घरात कोणालाच शुगर नाही" म्हणून टाळतात. गरोदरपणातली शुगर घरात कोणाला नसतानाही होते. २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं तर उपचार सुरू. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सांगा, गप्प बसू नका, तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते.

खाण्याचं दोन्हीकडून चुकतं. एक आजी म्हणते "खाई ले माय", दुसरी म्हणते कमी खा, बाळ मोठं झालं तर अडशील. जास्तीचं लागतं ते साधारण ३५० कॅलरी, म्हणजे एक कळण्याची भाकरी आणि वाटीभर घट्ट डाळ एवढंच, दुप्पट नाही. शेवभाजीचा तर्री रस्सा जरा आवरा, जळजळ याच महिन्यांत सुरू होते. मिसरी लावत असाल तर आजच बंद, त्यातल्या तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं.

यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती पाण्याची. शेतात निंदणीला, वेचणीला गेलेल्या बाईला आडोसा नसतो म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि लघवी दाबून ठेवते, त्यात आपला एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री. मग लघवीला जळजळ, ताप, आणि ते इन्फेक्शन वर चढलं की दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. जळजळ झाली की सब्जाचं पाणी पिऊन दोन दिवस काढू नका, लघवी तपासून घ्या. कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून मनानेच गोळी आणणं पण बंद करा, काही पेनकिलर २० आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीला त्रास देतात.

बाळाची हालचाल पहिलटकरणीला १८-२० आठवड्यांच्या सुमारास कळते, वार पुढे असेल तर अजून उशिरा, त्यामुळे जावेला कधी कळली होती त्याच्याशी ताडून बघू नका. २४ आठवड्यांपर्यंत काहीच जाणवलं नाही तर दाखवा. उठताना जांघेत चमक येते ती बहुतेक ताण पडल्याने, पण पोट परत परत कडक होत असेल, पाणी जात असेल, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंड-हात सुजले असतील तर सकाळची वाट बघायची नाही, १०२ ला फोन लावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, आशाताईला विचारून ठेवा. आणि ओटभरण झाल्यावर माहेरी निघताना साड्या-बांगड्यांच्या आधी ती फाईल पिशवीत टाका, सगळे रिपोर्ट, रक्तगट, धनुर्वाताच्या (टीडी) इंजेक्शनच्या तारखा, माता-बाल कार्ड. माहेरच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ती लागते.